श्रीधररावांचा सांड

कपिला सकाळपासून हंबरत होती. वैरणीला तोंड लावत नव्हती, खुंट्याभोवती गरगर फिरत होती आणि तिच्या आवाजाने प्रताप नगरातली ती अख्खी गल्ली जागी झाली होती. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर श्रीधररावांनी घरामागच्या मोकळ्या जागेत ही गाय आणून बांधली होती. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून ते गोपालनातले तज्ज्ञ झाले होते, निदान त्यांना स्वतःला तसे ठाम वाटत होते. त्यांनी कपिलाच्या पोटाला कान लावला, अपचनाचे निदान केले आणि तिला ओव्याचे पाणी पाजले. कपिलाने ते तत्परतेने त्यांच्या सदऱ्यावर परत केले.

"अहो, अपचन नाही होय ते. माजावर आली ती," दारात उभ्या असलेल्या नीलाताई म्हणाल्या. त्यांचे माहेर रामटेककडचे, घरात गुरेढोरे भरपूर. "डॉक्टरीणबाईले फोन लावा. संध्याकाळी येऊन इंजेक्शन देऊन जाईन. आजचा दिवस गेला तं मंग बसा वाट पाहत."

"माह्या दारात इंजेक्शन? नाही म्हणजे नाही! निसर्गाचं काम निसर्ग करंन. तुले काय समजते वं त्यातलं?"

नीलाताईंना त्यातले सगळे समजत होते. पण नवऱ्याला समजावून सांगण्याचा उद्योग त्यांनी लग्नानंतर लवकरच सोडून दिला होता. त्या निमूटपणे भाजी चिरायला गेल्या.

श्रीधररावांनी कन्हानच्या बळीरामला फोन लावला. हा त्यांना कडबा पुरवायचा.

"बळीराम, तुह्याकडचा सगळ्यात मोठा बैल घेऊन ये. पांढरा पाहिजे, शिंगं भरदार पाहिजे. आत्ताच्या आत्ता."

"काह्याले पाहिजे जी?"

"ते मी पाहीन. तू मले शिकवू नको."

दुपारी टेम्पोतून बैल उतरला. खरोखरच देखणा होता. त्याला पाहून श्रीधररावांची छाती अशी फुगली, की पुढचे कार्य जणू त्यांनाच पार पाडायचे होते. गल्लीतल्या आयाबायांच्या नजरेला काही पडू नये म्हणून त्यांनी कुंपणाच्या भिंतीवर नीलाताईंच्या ठेवणीतल्या चादरी टांगल्या. मग बळीराम आणि नीलाताई यांना समोर उभे करून त्यांनी व्याख्यान सुरू केले.

"नर हा आक्रमक राहते. खुरानं माती उकरते, फुरफुर करते. मादी लाजाळू. मान खाली घालून उभी राहते. आता पहाच तुम्ही."

ते पाहू लागले. आक्रमक नराने सावकाश मोगऱ्याचा वेल खाल्ला. लाजाळू मादीने त्याला चहूबाजूंनी हुंगले, हनुवटी त्याच्या पाठीवर घासली आणि पुढचे दोन्ही पाय उचलून ती सरळ त्याच्यावरच चढली. बैल तसाच रवंथ करत उभा राहिला.

"अरे! अरे, हे उलटं काहून होऊन राहिलं?" श्रीधरराव ओरडले.

"माजावरची गाय चढतेच जी," बळीराम शांतपणे म्हणाला. "अन् ह्याले काय करायचं आहे? बैल होय हा."

"मंग? बैलच तं पाहिजे!"

"सांड नाही जी. बैल. लहानपणीच खच्ची केला ह्याले. मले वाटलं, तुम्हाले बंडीले जुपायचा असंन."

नीलाताईंनी पदर तोंडात कोंबला. मग कोणालाही न विचारता त्यांनी फोन उचलला. संध्याकाळी डॉक्टर भूमिका स्कूटरवरून आल्या, खांद्यापर्यंतचा हातमोजा घातला, काम आटोपले, चहा घेतला आणि निघून गेल्या. श्रीधररावांनी तेवढा वेळ देवघरात काढला. टेम्पो दुसऱ्या भाड्यावर गेला होता, म्हणून बैल मुक्कामाला राहिला.

दिवेलागणीला शेजारच्या चंद्रभानजींनी चादरीवरून डोके काढले. "काय जी श्रीधरराव, जमलं का?"

"जमलं," श्रीधरराव म्हणाले.

"ह्यानंच का?"

इथे खरे बोलायला हवे होते. पण खरे बोलायचे म्हणजे बैल आणि सांड यांतला फरक आपल्याला ठाऊक नव्हता, हे शेजाऱ्यासमोर कबूल करायचे. श्रीधररावांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली. "मंग! एका झटक्यात. वाघ आहे वाघ!"

सकाळी फाटक वाजले. बाहेर चंद्रभानजी, त्यांचा गावाकडचा साळा आणि साळ्याची हंबरणारी गाय उभी होती. मागे गल्लीतली माणसे दात घासत जमली होती.

"रातीच फोन करून बोलावलं ह्याले," चंद्रभानजी उत्साहाने म्हणाले. "म्हटलं, असा वाघ आपल्या शेजारी आहे, तं डॉक्टरमागं काहून फिरता? आणा जी समोर तुमच्या सांडाले!"

बैल स्वतःच मोगऱ्याचे उरलेले पान चघळत पुढे आला. साळ्याने त्याच्याभोवती एक फेरी मारली, मागच्या बाजूने वाकून पाहिले, पुन्हा पाहिले आणि तो ताठ उभा राहिला. त्याची नजर बैलावरून कपिलाकडे गेली आणि कपिलावरून श्रीधररावांवर येऊन थांबली.

"साहेब," तो गंभीरपणे म्हणाला, "ह्यानं तं काही केलं नसंन. मंग तुमच्या गाईले लावलं कोणं?"

गल्लीतले ब्रश थांबले. सगळे श्रीधररावांकडे पाहू लागले.

"इंजेक्शन!" श्रीधररावांनी दोन्ही हात वर करून सगळ्या प्रताप नगराला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली. "डॉक्टरीणबाईनं इंजेक्शन देल्लं जी! नीला, सांग ना वं ह्यायले!"

नीलाताईंनी आतून सावकाश उत्तर दिले, "मले काय समजते त्यातलं?"