टीप क्रमांक सात आणि एक ट्राउट

मी फसत नाही! हे विधान मी आत्मप्रौढीने नव्हे, एकतीस वर्षांच्या पुराव्याने करतो. जुन्या हस्तलिखितांची पाठचिकित्सा हा माझा व्यवसाय. म्हणजे एकाच ग्रंथाच्या दहा नकला समोर ठेवून कोणत्या नकलकाराने कुठे लबाडी केली ते शोधणे. या शास्त्राचे दोन नियम मी पाळतो. पहिला: ज्याचा फायदा होतो, त्यानेच मजकूर बदललेला असतो. दुसरा: सोपा पाठ संशयास्पद, अवघड तोच खरा. या दोन नियमांच्या आधारे मी जॉन्सनव्हिलमध्ये घर घेतले, दोन प्लंबर हाकलले, आणि रोज सकाळी हसून ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार घालणाऱ्या शेजाऱ्याचा अंतःस्थ हेतू काय असावा यावर गेली चार वर्षे विचार करीत आहे.

अशा माणसासमोर माझ्या मेव्हण्याने माशाचे छायाचित्र टांगावे, याला धाडस म्हणतात!

मेव्हणा म्हणजे शंतनू, माझ्या पत्नीचा, मृदुलाचा, धाकटा भाऊ. लोअर हटला राहतो. रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. माणसांना बेशुद्ध करणे हाच ज्याचा चरितार्थ, त्याच्या शब्दावर शुद्धीतल्या माणसाने किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवतो. त्याच्या दिवाणखान्यात एक चौकट आहे आणि चौकटीत तो स्वतः, गुडघाभर पाण्यात, हातात अडीच किलोचा ट्राउट घेऊन, नुकताच सत्कार झालेल्या नगरसेवकासारखा हसतो आहे.

मी ते छायाचित्र तीन भेटींत तपासले आणि इथल्या मराठी मंडळाच्या वार्तापत्रात लेख लिहिला: ‘एका छायाचित्राची चिकित्सा’. एकूण नऊ टिपा. सावलीची दिशा (टीप तीन), माशाच्या नजरेतील निर्विकारता (टीप पाच), आणि कळसाध्याय म्हणजे टीप सात: ‘प्रस्तुत मासा बाजारातून विकत आणलेला आहे, याविषयी संशयास जागा नाही.’

शंतनू चिडला नाही. येथेच मला संशय यायला हवा होता.

“जिजाजी, एवढंच करा,” तो म्हणाला, “ऑक्टोबरात हंगाम उघडतोय. तुम्ही स्वतः एक ट्राउट पकडून दाखवा. पकडलात, तर मी तो फोटो भिंतीवरून उतरवतो. नाही पकडलात, तर दिवाळी अंकात पानभर माफी. देवयानी, ऐकतेयस ना?”

देवयानी म्हणजे अंकाची संपादिका. “पान राखून ठेवते, सर!” ती म्हणाली. इतक्या आनंदाने तिने माझ्या एकाही शोधनिबंधासाठी पान राखलेले नाही.

शनिवारी मी माझी कन्या श्रिया हिला घेऊन मासेमारीच्या साहित्याच्या दुकानात गेलो. श्रिया सतरा वर्षांची असून तिला मराठी पूर्ण कळते. उत्तर मात्र इंग्रजीत येते. दुकानदार अर्ध्या चड्डीतला, जँडल्स म्हणजे रबरी चपलांमधला, सहा फूट उंचीचा सद्गृहस्थ होता. डोंगरातल्या ओढ्यावर जायचे आहे, असे मी सांगताच त्याने एक सडपातळ काठी काढली, वेणीतल्या केसासारखा बारीक दोरा काढला, आणि पाण्यात गरगर फिरणारे करंगळीच्या नखाएवढे पितळी पाते काढले.

“हे पाच ग्रॅमचं स्पिनर. बस्स, एवढंच लागतं.”

“आणि ती?” मी भिंतीवरच्या बारा फुटी काठीकडे बोट दाखवले.

“ती समुद्रासाठी. महाग आहे. तुमच्या काही कामाची नाही, उगाच घेऊ नका.”

मी थिजलो. आयुष्याची पहिली तीस वर्षे मी पुण्यात खरेदी केली आहे. गिऱ्हाइकाने दुकानात येऊच नये, असे मानणारे दुकानदार मी पाहिले. पण महागाची वस्तू घेऊ नका, असे विनवणारा? आजवर नाही!

“आमिष कोणतं लावू?”

“त्या ओढ्यावर आमिषाला बंदी आहे, मेट. फक्त कृत्रिम माशी किंवा स्पिनर. परवान्याबरोबरच्या पुस्तिकेत आहे बघा.”

मी श्रियाला कोपऱ्यात नेले. “पाहिलंस? निरुपयोगी गोष्टीवर कोणी बंदी घालतं का? बंदी आहे, याचाच अर्थ आमिषाला मासे लागतात. आणि हा शंतनूचा माणूस आहे.”

“बाबा, ही इज जस्ट बीइंग नाइस.”

“तेच तर!”

मी बारा फुटी काठी घेतली आणि ट्रॅक्टर ओढता येईल असा दोरा घेतला. श्रियाने, पित्याच्या विद्वत्तेला न जुमानता, सडपातळ काठी आणि ते नखाएवढे स्पिनर घेतले. पुस्तिका मी वाचली नाही. मूळ संहितेत नंतर कोणीतरी घुसडलेल्या मजकुराला आमच्या शास्त्रात प्रक्षेप म्हणतात. सरकारी पुस्तिकांकडे मी याच दृष्टीने पाहतो.

आमिष मी घरी सिद्ध केले. मुळशीच्या तळ्यावर आमचे एक काका कणकेच्या गोळ्यात हिंग घालून रोहू पकडीत, हे मला पक्के आठवत होते. काका चिमूटभर घालीत. मी प्रवाहाचा वेग लक्षात घेऊन अर्धी डबी घातली.

“अहो, तो पुण्याहून आणलेला हिंग आहे!” मृदुला किंचाळली. “आणि माझ्या डब्यात? त्या डब्यात आता जन्मात दुसरं काही ठेवता येणार नाही!”

शास्त्रासाठी काही डबे गमवावे लागतात.

रविवारी रेमुटाका घाट ओलांडून आम्ही तारारुआच्या डोंगरातल्या ओढ्याशी पोहोचलो. खिडक्या सर्वांनी स्वेच्छेने उघड्या ठेवल्या होत्या. मृदुला “मी इथेच श्वास घेते” म्हणून गाडीजवळ बसली.

“जिजाजी, त्या मोठ्या खडकाखालचा डोह बघा,” शंतनू म्हणाला. “प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका आणि हळूहळू ओढा. मासा तिथेच आहे.”

प्रतिस्पर्धी आपण होऊन जागा दाखवतो! मी तत्काळ विरुद्ध दिशेला तीनशे पावले चालत गेलो. श्रिया त्या डोहाकडे गेली. भोळी मुलगी.

माझी पहिली फेक भव्य होती. बारा फुटांची काठी मागे नेली, पूर्ण ताकदीने पुढे आणली, आणि कणकेचा गोळा मागच्या झाडात, पाण्यापासून अठरा फूट उंचीवर, नवसाच्या नारळासारखा लटकू लागला. मी ओढला. झाड आले नाही. दोरा तुटला नाही. तो ट्रॅक्टरसाठी होता!

“ट्राउट सहसा पाण्यात असतात,” मागून आवाज आला.

एक रेंजर बाई उभ्या होत्या. त्यांनी परवाना मागितला, तो पाहिला, मग झाडाकडे पाहिले, मग हवेचा वास घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

“ते आमिष आहे?”

“आमिष पाण्यात असतं,” मी म्हणालो. “झाडातल्या वस्तूला आमिष म्हणणं हा शब्दाचा सैल वापर होईल.”

“आणि त्या डब्यात?”

“माझं जेवण.”

“मस्त,” त्या दगडावर बसल्या. “चालू द्या. मला घाई नाही.”

वाचकहो, मी खाल्ले! कच्ची कणीक, वर अर्धी डबी हिंग. तिसऱ्या घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली असावी. इतक्यात गोंधळ पाहून शंतनू तेथे आला आणि म्हणाला, “बरे आहेत ना हे? मी डॉक्टर आहे.”

त्याचा तो सात्त्विक चेहरा पाहून माझा तोल गेला. “माझ्या जेवणाची चौकशी कसली करता?” मी रेंजर बाईंना म्हणालो. “या गृहस्थाला पकडा! हा बाजारातून ट्राउट विकत आणतो आणि भिंतीवर फोटो टांगतो!”

बाईंचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी वही काढली.

“हा गंभीर आरोप आहे. या देशात ट्राउट विकायलाच कायद्याने बंदी आहे. एकाही दुकानात मिळत नाही; खायचा तर पकडावाच लागतो. तुम्हाला विकणारा माहीत असेल, तर नाव सांगा. दुकान कुठलं?”

ओढा वाहत होता. वर गोळा हलत होता.

“सांगा ना, जिजाजी,” शंतनू मृदूपणे म्हणाला. “टीप क्रमांक सातमध्ये असेल.”

मी आरोप मागे घेतला. तोंडी नव्हे, त्यांच्या वहीत, सहीनिशी. बाईंनी मला समज दिली, डबा जप्त केला, आणि तो अंगापासून लांब धरून निघून गेल्या.

“तुला हे पहिल्यापासून ठाऊक होतं?”

“लेख वाचला तेव्हापासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“जिजाजी,” तो म्हणाला, “मी सांगितलं असतं, तर तुम्ही विश्वास ठेवला असता?”

नऊ टिपांच्या लेखकाने ढेकर दिला.

तेवढ्यात श्रिया डोहाकडून धावत आली, कमरेपर्यंत भिजलेली. “बाबा! आय कॉट वन! खडकाखाली, मामाने सांगितलं तिथेच! सो ब्युटिफुल! आय लेट हिम गो.”

उत्साहाच्या भरात ती चक्क अर्धे वाक्य मराठीत बोलली होती. साक्षीदार नव्हता. छायाचित्र नव्हते, तिचा फोन गाडीत राहिला होता. पाण्यात सोडलेला पुरावा परत येत नसतो. फायदा सांगणारीचा, आणि पाठ अत्यंत सोपा. माझे दोन्ही नियम उभे राहून ओरडत होते.

“यू बिलीव्ह मी, राइट?”

“हो,” मी म्हणालो.

म्हणून हे पान, देवयानीने आनंदाने राखून ठेवलेले. टीप क्रमांक सात मी विनाशर्त मागे घेतो. शंतनूचा मासा खरा आहे, दुकानदार प्रामाणिक आहे, आणि शेजारी बहुधा नुसताच ‘किया ओरा’ म्हणतो.

श्रियाच्या माशाविषयी मला काहीही म्हणायचे नाही. ओढ्याकाठी तो तिच्या बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत होता, रेमुटाका घाटात कोपरापर्यंत आला आणि जॉन्सनव्हिलला पोहोचेतो खांद्याला लागला. मी केवळ नोंद करतो आहे. टीप लिहिलेली नाही.