बाहेरून एमएस्सी

आमच्या भोये सरांना नवा माणूस भेटला, की तो कुठला, काय करतो हे विचारायच्या आधी ते एकच प्रश्न विचारायचे, "तुमच्याकडं बाहेरून करता येतं का?"

काय करता येतं, हे सांगायचं त्यांना भान नसे. त्यांच्या डोक्यात ते इतकं पक्कं होतं, की समोरच्याच्याही डोक्यात तेच असणार असं ते धरून चालत. मशीन दुरुस्त करायला बंगलोरहून आलेल्या इंजिनिअरला त्यांनी हे विचारलं. पेशंट असलेल्या मामीला भेटायला कॅनडाहून आलेल्या एका भाच्याला विचारलं. त्र्यंबकेश्वरचे एक गुरुजी घशाच्या उपचारासाठी येत होते, त्यांनाही विचारलं. गुरुजींचा आवाज पार बसला होता, तरी ते उत्साहानं म्हणाले, "येतं की! नाव-गोत्र व्हॉट्सॲपवर पाठवा, बाकीचं आम्ही बघतो. प्रसाद कुरिअरनं येईल."

भोये सरांनी गंभीरपणे मान डोलावली आणि विचारलं, "आणि प्रॅक्टिकल?"

मी नाशिकच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात रेडिएशन विभागाच्या खिडकीवर बसते. कुणी किती वाजता यायचं, ते ठरवणं माझं काम. भोये सर आत मशीनवर. आमच्याकडचे पेशंट रेडिएशनला शेक म्हणतात, आणि तो शेक देणारा माणूस म्हणजे भोये सर. कागदावर त्यांचं पद रेडिएशन थेरपी टेक्नॉलॉजिस्ट असं लांबलचक आहे. पण लोकांना ते कळत नाही. कुणी डॉक्टर म्हणतं, कुणी कंपाउंडर. मग सर समजावून सांगतात, "डॉक्टर ठरवतात, शेक कुठं द्यायचा. फिजिसिस्ट ठरवतो, किती द्यायचा. आणि मी सांगतो, हलू नका."

हे 'हलू नका' त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की ते कुठंही निघायचं. कँटीनमध्ये चहा ओतणाऱ्याला, फोटो काढताना, मुलीच्या लग्नात हार घालायला वाकलेल्या जावयालासुद्धा. एकदा आम्ही दोघं एका रिक्षात नाशिकच्या द्वारका चौकात अर्धा तास अडकलो होतो. चारी बाजूंना ट्रक, बसेस, हॉर्न. सर शांतपणे म्हणाले, "ताई, इथं मला काही कामच नाही."

तर सरांना करायची होती एमएस्सी. बीएस्सी होतं, त्यावर रेडिएशनचा डिप्लोमा होता, वीस-बावीस वर्षांचा अनुभव होता. पुढचं शिक्षण मात्र त्यांना नोकरी न सोडता, नाशिक न सोडता, म्हणजे बाहेरून करायचं होतं. आपल्याकडं बाहेरून एमए होतात, बीकॉम होतात, वकिलीची चौकशी करणारेही भेटतात. पण शेक देण्याची एमएस्सी बाहेरून कशी होणार? आम्ही सगळे हसायचो. सर म्हणायचे, "का? मशीन चालू असताना आम्ही खोलीबाहेरच असतो. आमचं कामच बाहेरून आहे."

त्यांच्याकडं माहितीपत्रकांची एक फुगलेली फाईल होती. रोज दुपारी डबा उघडला, की तीही उघडायची. प्रत्येक अभ्यासक्रमावर सरांचा पेन्सिलीतला शेरा असे. 'बाहेरून आहे, पण अर्धं आतून.' म्हणजे वर्षातून महिनाभर तिकडं जाऊन राहा. 'पूर्ण बाहेरून, पण आपल्यासाठी नाही.' तो फक्त फिजिसिस्टसाठी. 'पूर्ण बाहेरून, कुणासाठीही.' ते हॉस्पिटल मॅनेजमेंट. त्याच्यापुढं सरांनी लिहिलं होतं, 'मग पेशंटला झोपवणार कोण?'

चौकशीसाठी ते विद्यापीठांना फोन लावत. स्पीकर चालू ठेवून, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असा. पलीकडची मुलगी म्हणायची, "सर, एमबीए घेता का?" सर म्हणायचे, "बाळा, मी भाजी घ्यायला आलो आणि तू मला बादली दाखवतेस."

असं किती वर्षं चाललं असतं देव जाणे. पण मोबाईलवर सगळंच शिकायची सवय जगाला लागली आणि एक दिवस सर डबा न उघडताच माझ्या खिडकीशी आले. हातात कागद. ऑस्ट्रेलियातलं एक विद्यापीठ. खास रेडिएशन थेरपिस्टसाठी. पूर्ण ऑनलाइन. प्रॅक्टिकल? जिथं नोकरी करता तिथंच करायचं.

"ताई," ते म्हणाले, "हे सगळं बाहेरून आहे. आता पंचाईत झाली."

"कसली पंचाईत?"

"आता करावं लागणार."

एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी अर्ज भरला. इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. त्यांचं इंग्रजी मशीनच्या मॅन्युअलमधून आलेलं, त्यामुळं त्यात 'प्लीज' नव्हतं, सगळं 'वॉर्निंग' आणि 'कॉशन'. व्हिडिओवर मुलाखत झाली तेव्हा मी शेजारी बसले होते. तिकडच्या मार्गारेट मॅडमनी हसून विचारलं, स्वतःबद्दल काही सांगा. सरांनी पेशंटच्या केसपेपरवर लिहितात तसं सांगून टाकलं, "मेल. फिफ्टी वन. ॲम्ब्युलेटरी." म्हणजे पुरुष, वय एक्कावन्न, चालताफिरता. मॅडमना इतकं हसू आलं, की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. प्रवेश मिळाला.

तिथली संध्याकाळ म्हणजे आपली जेवणाची सुट्टी. पेशंटच्या चेहऱ्याचे प्लॅस्टिकचे साचे जिथं बनवतात, त्या खोलीत भिंतीवर टांगलेल्या मुखवट्यांसमोर बसून सर तास करायचे. एका हातात नागलीची भाकरी, दुसऱ्यात माऊस. चार देशांतले वर्गमित्र पडद्यावर. सर आम्हाला त्यांच्या बातम्या पुरवायचे. "आमच्या बॅचमधल्या एकीला मुलगा झाला." "आमच्या बॅचमधल्या एकाच्या गावाला बर्फ पडलंय." मुलाची बातमी आली तेव्हा त्यांनी विभागात पेढे वाटले. त्या बाईला कल्पनाही नसेल.

इथवर सगळं मजेत होतं. मग आला प्रोजेक्ट, आणि तो थेट माझ्या अंगावर आला.

आपल्या कामाच्या जागी एक अडचण शोधा आणि ती सोडवून दाखवा, असा तो प्रोजेक्ट. आता शेक हा आठवड्यातले पाच दिवस रोज घ्यावा लागतो, आणि असे पाच-सहा आठवडे. मधे खंड पडणं वाईट. आमच्याकडं खंड पडायचा तो पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या पेशंटचा. आम्ही म्हणायचो, या लोकांना गांभीर्यच नाही. आवणी, म्हणजे भाताची लावणी, आली की खाचरात, कामं संपली की द्राक्षाच्या बागांवर. सर स्वतः सुरगाण्याचे. ते काही बोलत नसत. पण प्रोजेक्टसाठी ते माझी मागची रजिस्टरं मागायला आले. चार दिवसांनी परत आले.

"ताई, डोंगरातल्या लोकांना तुम्ही चारच्या पुढची वेळ देता."

"मग? सकाळच्या वेळा शहरातले लोक मागून घेतात. ऑफिस असतं, शाळा असते. हे लोक काही मागत नाहीत."

"हो. मागत नाहीत."

 मला राग आला. "सर, तुमच्या अभ्यासासाठी माझं रजिस्टर कशाला बिघडवता? पन्नाशीत परीक्षा तुम्हाला द्यायचीय, मला नाही." असं मी सगळ्यांसमोर बोलले. सर "बरं" म्हणाले आणि आत गेले.

त्याच आठवड्यात मी संध्याकाळी घरी निघाले, तर फाटकाशी पार्वताबाई बसलेल्या. या सुरगाण्याकडच्या, साठीच्या, छातीचा शेक चालू होता. मी विचारलं, "बाई, गेल्या नाहीत अजून?"

"जीप गेली ना ताई. पाचाला सुटती ती. माझा नंबर लागला साडेपाचाला."

"मग आता?"

"बसते इथंच. सकाळी पहिल्या जीपनं घरी जाईन. मंग उद्याचा नाय होत शेक. परवा येते."

त्या तक्रार करत नव्हत्या. मला वेळापत्रक समजावून सांगत होत्या. मी रोज खिडकीत बसून लिहीत होते, 'पेशंट गैरहजर'. आणि त्याच्या आदल्या रात्री तो पेशंट माझ्याच फाटकाशी बसलेला असायचा.

त्यांना मी त्या दिवशी माझ्या घरी नेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बरोबरच हॉस्पिटलात आलो. सरांनी आम्हाला पाहिलं. मी रजिस्टर उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "सांगा, काय करायचं?"

आम्ही डोंगराकडच्या सगळ्यांना साडेअकरा ते एकची वेळ दिली, एका जीपनं येऊन एका जीपनं परत जाता येईल अशी. शहरातल्या काही जणांनी आरडाओरडा केला. एक साहेब थेट मोठ्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी भोये सरांना बोलावलं. सर काय बोलले ते ठाऊक नाही, पण डॉक्टर बाहेर येऊन त्या साहेबांना म्हणाले, "तुमच्याकडं गाडी आहे. चारला या." जीपवाला तर इतका तयार झाला, की रस्त्यातून फोन करायचा, "ताई, घाटात हाय, अर्धा तास धरा!" दोन-तीन महिन्यांत माझ्या रजिस्टरातले गैरहजेरीच्या लाल फुल्यांचे पट्टे विरळ झाले.

सरांनी अहवाल लिहिला. इंग्रजी टाईप मी केलं. कुठं माझं नाव येतं का, म्हणून मी ओळ न् ओळ वाचत होते. त्यांनी लिहिलं होतं, 'वेळ ठरवण्याची जुनी पद्धत'. पद्धत! जणू खिडकीत कुणी बसतच नव्हतं. आणि शेवटच्या पानावर, मदत करणाऱ्यांमध्ये, सगळ्यांत वर माझं नाव होतं. मी म्हटलं, "सर, हे काढा." ते म्हणाले, "ताई, अभ्यासक्रमाचा नियम आहे. खरं लिहावं लागतं."

सर एमएस्सी झाले. पगार वाढला नाही, पद बदललं नाही. विभागानं शाल दिली. सरांनी ती पांघरली, फोटो काढला आणि घडी घालून कपाटात ठेवली. "जेवायला या मात्र," ते म्हणाले.

एका रविवारी आम्ही चौघंजण सुरगाण्याला गेलो. सर आठवडाभर नाशिकला खोली करून राहतात आणि शनिवारी घरी जातात, हे आम्हाला माहीत होतं. पण घर कुणी पाहिलं नव्हतं. वहिनी तिथल्या आश्रमशाळेत शिक्षिका. त्यांनी तांदळाच्या भाकरी, उडदाचं वरण, असा बेत केला होता. पोटभर जेवलो. हात धुऊन येतो, तर सर गायब.

वहिनी म्हणाल्या, "मागं असतील. मोहाच्या झाडाखाली. तिथंच रेंज येते."

मी भांडी आवरायला त्यांच्याबरोबर लागले. बोलता बोलता विचारलं, "वहिनी, एवढी हौस होती तर सर तरुणपणीच मुंबईला जाऊन का नाही शिकले? तेव्हाच मिळाली असती ॲडमिशन."

"मिळाली होती की," वहिनी म्हणाल्या. "गेले होते. ट्रंक, गादी, सगळं घेऊन. अकराव्या दिवशी परत आले."

"करमलं नाही?"

"करमायचं काय! इकडं आमच्याच बाजूची एक म्हातारी शेक घेत होती. तिला कोकणीशिवाय, आमच्या डोंगरातल्या बोलीशिवाय, काही कळायचं नाही, आणि हॉस्पिटलात कोकणी बोलणारे हे एकटेच. हे मुंबईला गेले, तर तिला वाटलं, शेक संपला. ती उठून घरी गेली. कुणी विचारलंही नाही. यांना कळलं तसे आले. तिच्या पाड्यावर जाऊन तिला घेऊन आले. पण मधले दिवस गेले ते गेले. वाचली नाही ती." वहिनींनी ताट पुसून ठेवलं. "डॉक्टर म्हणाले, तशीही ती वाचली असती असं नाही. पण हे कुठं ऐकतात! मुंबईचं नाव पुन्हा काढलं नाही."

मी मागच्या दारानं गेले. सर झाडाखाली पाठमोरे बसले होते. मांडीवर कागद, त्यावर नावांची यादी. एकेकाला फोन लावत होते आणि त्यांच्या डोंगराकडच्या कोकणीत बोलत होते. मला अर्धंच कळलं. सोमवार, जीप, साडेअकरा. कुणाची म्हैस व्याली का, कुणाच्या सुनेचं काय झालं. एक फोन ठेवला की नावापुढं टिंब.

"सर, दर रविवारी करता हे?"

ते दचकले, चोरी पकडल्यासारखे. "सुट्टी लागली की दोन दिवसांत विसरतात माणसं," ते म्हणाले. "आणि मलाही इथं जेवणानंतर काही काम नसतं."

"अर्धी नावं मला द्या."

"ताई, तुम्हाला कोकणी येत नाही."

"वेळ तर मीच देते ना त्यांना? मग वेळ मीच सांगते."

 मग त्यांनी कागद मधोमध घडी घालून अलगद फाडला आणि खालचा अर्धा माझ्या हातात दिला.

मी पहिलाच फोन लावला. "कोण?" पलीकडून एका म्हाताऱ्याचा आवाज आला.

"मी बाबा, हॉस्पिटलातली. खिडकीवरची ताई. उद्या यायचंय ना?"

"येतो की! तुमी बोलल्यावर कसा नाय येणार?" मग जरा थांबून, "जेवल्या का ताई?"

जेवले म्हटलं, तर काय जेवल्या, कुठं जेवल्या, भोये मास्तरच्या घरी का, मास्तरीणबाईच्या हातचं का, अशी चौकशी सुरू झाली. फोन ठेवेपर्यंत भोये सरांचे तीन फोन उरकले होते. त्यांनी हात पुढं करून माझा कागद मागून घेतला, "कोकणीवाचून काही अडलं नाही की," म्हणत आपल्या यादीतलं आणखी एक नाव त्यावर लिहिलं, आणि कागद परत माझ्याकडं दिला.