यशिमेबेतचा हात

चौदा वर्षं यशिमेबेत त्या हॉटेलात रोज जात होती, पण मागच्या दाराने. पहाटे पाचला इंजेऱ्यांची, त्या आंबवलेल्या जाळीदार पोळ्यांची, टोपली आचाऱ्याच्या हवाली करायची आणि उंबऱ्यावरूनच परतायचं. पुढच्या दाराने ती पहिल्यांदा आत शिरली ती एका रविवारी, चर्चमधून थेट, ठेवणीतली पांढरी शाल पांघरून. आणि तेही लेकीने दंड धरून आणलं म्हणून.

लेक मेक्लित नुकतीच पाणीपुरवठा खात्यात लागली होती. आईला एकदा त्या हॉटेलात पुढे बसवायचं, हे तिने नोकरी लागण्याआधीच ठरवून ठेवलं होतं. त्यासाठी आईला एक दिवस सुट्टी घ्यायला लावताना मात्र तिला घाम फुटला होता.

"मी सुट्टी घेतली तर त्यांना इंजेरा कोण देणार?"

"एमाये, अख्ख्या अदिस अबाबात तू एकटीच भाजतेस का?"

यशिमेबेतला मनातून वाटत होतं, हो.

वाढणारीने वेताच्या गोल मेजावर भलंमोठं ताट आणून ठेवलं. खाली इंजेरा अंथरलेला, मध्ये कोंबडीचा लालभडक रस्सा, त्यात दोन उकडलेली अंडी, कडेने डाळ आणि पालेभाजी. मेक्लित हात धुऊन सरसावली. यशिमेबेत मात्र रश्श्याकडे बघतच नव्हती. तिने इंजेऱ्याची कड उचलली, उजेडात धरली, उलटी केली.

"डोळेच पडले नाहीत गं याला. एकही भोक नाही. पीठ आंबायच्या आधीच तव्यावर घातलंय. आणि हे नुसतं टेफचं पीठ नाही, तांदूळ घातलाय यात."

"एमाये, जेव."

"जेवते ना. नुसतं सांगतेय."

तेवढ्यात शेजारच्या मेजावरून आवाज आला. तिथे निवृत्त मास्तर लेगेसे दोन मित्रांबरोबर बसले होते. दर रविवारी त्यांची हीच जागा.

"अरे देम्सेव! हे काय वाढलंयस? रस्सा उचलायला गेलं की फाटतंय. इंजेरा आहे की टिपकागद?"

हॉटेलचे मालक देम्सेव लगबगीने आले. पोट पुढे, हसू त्याच्याही पुढे. आचाऱ्याने एका दिवसापुरता माल कुठून तरी उचलला, हे कबूल करायचं म्हणजे हॉटेलची अब्रू घालवायची. त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

"काय सांगू मास्तर! आमच्या यशिमेबेतबाईच भाजतात, नेहमीच्याच. पण आता वय झालं. डोळ्यांना नीट दिसत नाही त्यांना."

मेक्लितचा घास हातातच राहिला. यशिमेबेतने टेबलाखालून तिचा गुडघा दाबला.

खिडकीजवळच्या कुटुंबानेही तक्रार केली. देम्सेव तिकडे वळले. खोटं एकदा तोंडातून गेलं की पुढचं सोपं जातं. तिथे यशिमेबेतबाईंचे हात कापायला लागले. दाराजवळच्या मेजापाशी त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली. आणि कोपऱ्यात दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, तिथे पोचेपर्यंत बिचारी बाई अंथरुणाला खिळली होती आणि देम्सेव केवळ दयेपोटी तिच्याकडून माल घेत होते. म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूस काढला आणि एकीने यशिमेबेतच्या आत्म्यासाठी तिथल्या तिथे प्रार्थना म्हटली.

"मी उठून सांगते सगळ्यांना," मेक्लित दातओठ खात म्हणाली.

"बस खाली."

यशिमेबेतला राग आला होताच, पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. सगळ्यांनी किती पटकन विश्वास ठेवला! चौदा वर्षं तिच्या हातचं खाणाऱ्या या माणसांना तिच्याबद्दल काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं, कारण तिला कुणी पाहिलंच नव्हतं. या मालकानेसुद्धा. हा यायचा दहा वाजता, ती जायची पाचला. आणि हल्ली पहाटे तव्यावर पीठ ओतताना तिचं मनगट खरंच जरासं थरथरायचं. ते तिने लेकीलाही सांगितलं नव्हतं. मग या माणसाला कुठून कळलं?

शेवटी देम्सेव त्यांच्या मेजाशी आले. "माफ करा हं. आमची ती बाई..."

"ऐकलं. कशी आहे तब्येत तिची?"

"आता काही दिवसांचीच पाहुणी म्हणायची."

"अरेरे. बसा ना. माझ्या हातचा एक घास घ्या."

दुसऱ्याच्या हातचा घास नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. देम्सेव बसले, त्यांनी तोंड उघडलं. यशिमेबेतने मूठभर इंजेरा गुंडाळला, रश्श्यात फक्त टेकवला आणि आत सरकवला.

"हा यशिमेबेतच्या डोळ्यांसाठी."

देम्सेव चावत राहिले. ते चिकट प्रकरण टाळ्याला जाऊन बसलं.

"एकावर थांबू नये म्हणतात. हा तिच्या हातांसाठी. आणि हा तिच्या डोक्यासाठी."

तिसऱ्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाण्याचा पेला रिकामा करून त्यांना कसाबसा आवाज फुटला, "भयंकर आहे हो हे!"

"आहेच. पण तिची तब्येत चांगली आहे. मीच ती."

मास्तर लेगेसेंच्या हातून चष्मा पडला. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांनी पुन्हा क्रूस काढला, या खेपेला जरा घाईने. मग कुणीतरी हसलं आणि बघता बघता सगळं हॉटेल हसायला लागलं. देम्सेव मात्र हसले नाहीत. ते उठून तिच्यापुढे कमरेत वाकले.

"चुकलं, बाई. चौदा वर्षं तुमचं नाव घेऊन वाढतोय आणि आज त्याच नावाआड लपलो. आता या सगळ्यांना वाढू काय?"

यशिमेबेतने शाल सावरली. "उद्याचं पीठ घरी तयार आहे. मी जाऊन..."

मेक्लितने शालीचं टोक घट्ट धरलं. "तू इथून हलायचं नाहीस. आज तू जेवायला आलीयेस."

मग उरली तिरुनेश. तिरुनेश ही यशिमेबेतची नणंद. तिच्याच घरात राहणारी. पीठ चाळायचं, जळण आणायचं, टोपल्या धुवायच्या ही तिची कामं. तव्यावर पीठ ओतायला यशिमेबेतने तिला कधीच दिलं नव्हतं. "तुझ्या हाताला डोळे पडत नाहीत," हे एकदा कधीतरी ठरून गेलं होतं. यशिमेबेतने फोन लावला.

"तिरुनेश, वीस भाज आणि रिक्षाने पाठव."

"मी? वहिनी, ओतू मी?"

"ओत."

पाऊण तासाने रिक्षा आली. झाकण काढताच आंबूस, उबदार वास पसरला. मास्तर लेगेसेंनी पहिला तुकडा तोडला, रश्श्यात घोळवला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"हा! याला म्हणतात यशिमेबेतचा हात!"

टाळ्या पडल्या. यशिमेबेतने आपल्या ताटातला इंजेरा उचलून उजेडात धरला. मऊ, पातळ, आणि कडेपासून कडेपर्यंत डोळेच डोळे. तिच्या स्वतःच्या इंजेऱ्याला कडेला कधीच इतके पडत नसत. तिने चव घेतली, मग आणखी एक घास घेतला. मेक्लित तिच्याकडे बघत होती. यशिमेबेत गप्प राहिली असती तर कुणाला काहीच कळलं नसतं. पण तासाभरापूर्वी न भाजलेल्याचा दोष तिच्या माथी आला होता, ते तिला चांगलंच झोंबलं होतं; आता न भाजलेल्याचं कौतुक गिळायचं म्हणजे ते देम्सेवच्या तीन घासांपेक्षा जड गेलं असतं.

ती उभी राहिली. "ऐका. हे मी भाजलेलं नाही. माझी नणंद तिरुनेश, तिने भाजलंय. आणि माझ्यापेक्षा चांगलं भाजलंय."

मग देम्सेवनी छातीवर हात ठेवला.

"पाहिलंत? केवढा हा मोठेपणा!"

"मोठेपणा नाही हो, खरंच..."

"घरातल्या माणसाला पुढे करतायत," मास्तर गहिवरून मित्रांना म्हणाले. "अशी माणसं राहिली नाहीत आता."

ती जितकं सांगत गेली तितक्या टाळ्या वाढत गेल्या. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या उठून तिच्या गालांचे मुके घेऊन गेल्या. मघाशी देम्सेवचं खोटं सगळ्यांनी एका दमात गिळलं होतं. तिचं खरं मात्र कुणाच्याच गळ्याखाली उतरेना.

ती दमून खाली बसली. मेक्लित तोंडावर शाल धरून हसत होती. यशिमेबेतने तिच्याकडे रागाने बघितलं आणि पुन्हा फोन हातात घेतला. या गावात एकीला तरी हे पटायला हवं होतं, आणि तिलाच ते सांगणं सगळ्यांत अवघड होतं.

"तिरुनेश."

"काय झालं? बिघडले का? वहिनी, मी आधीच म्हणत होते, मला नको सांगू..."

"बिघडले नाहीत. चांगले झालेत." यशिमेबेतने फोन दुसऱ्या कानाला लावला. "माझ्यापेक्षा चांगले. उद्यापासून तव्यापाशी तू बस."

मग तिरुनेश हळूच, काळजीने म्हणाली,

"वहिनी, बरं नाही का गं वाटत तुला? मेक्लितकडे फोन दे बघू."