साळवे सरांची नाजूक पट्टी

साळवे सरांना पाण्याचा ग्लास दिला तर ते पीत नाहीत. आधी खिशातून मोबाईलएवढं मशीन काढतात, त्यात एक पट्टी खोचतात, पट्टीवर तुमच्या पाण्याचा थेंब सोडतात आणि म्हणतात, "थांबा, आधी हिला विचारू."

माझ्या घरी पहिल्यांदा असं केलं तेव्हा मी ग्लास उचलून मोरीत ओतला. "सर, प्यायचं तर प्या, नायतर उठा."

सर उठले नाहीत. समजावत बसले. मी चौथी शिकलेली, पण समजलं. पट्टीवर एंझाइम नावाची वस्तू लावलेली असते. ती काम करते तोवर मशीनमध्ये वीज खेळते. पाण्यात फवारणीचं औषध असलं की ती बेशुद्ध पडते आणि मशीनवरचा आकडा घसरतो.

"लई नाजूक आहे हो. उन्हानंसुद्धा मरते," सर म्हणाले.

"मग हिंडवता कशाला?"

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. बायको वारली, मुलगा पुण्याला. पट्ट्या गार ठेवाव्या लागतात आणि सरांचा फ्रीज बिघडलेला, म्हणून डबा माझ्या फ्रीजमध्ये, कोथिंबिरीशेजारी. सकाळी पट्ट्या न्यायला येणार, संध्याकाळी उरलेल्या ठेवायला. दोन्ही वेळा चहा.

आमची गल्ली शहराच्या टोकाला, पैठण रोडकडं. नळ कधी येईल नेम नाही, म्हणून सगळे बोअरवर. बोअरला लागूनच कपाशीचं रान. यंदा तिथं फवारणी जोरात झाली. सर्दीनं नाक चोंदलेलं, तरी सर म्हणाले, "उद्या घरोघरचं पाणी तपासतो."

माझ्या घरी पोचायच्या आधी ज्या ज्या घरी गेले तिथं पट्टी बेशुद्ध. सरांचा चेहरा उतरला. "बोअरचं पाणी पिऊ नका कुणी."

समोरची शोभा कडाडली, "मग काय तुमचं मशीन पिऊ? पुन्हा आमच्या दारात येऊ नका!" बाकीच्या बायाही तेच म्हणाल्या.

सर माझ्याकडंही यायचे थांबले. डबा तसाच पडून. चहा एकटीचाच.

मग शोभाच रडगाणं घेऊन आली. "मावशी, एवढं करून पाणी नापास!"

"काय केलं होतंस?"

"सर येणार म्हणून आम्ही समद्यांनी त्यांच्यासाठी तांब्या वेगळा भरला. त्यात ब्लीचिंग पावडर टाकली. पाणी चोख निघाय नको का?"

मी एका हातात डबा, दुसऱ्या हातात शोभाचं मनगट धरून सरांचं घर गाठलं. सरांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, त्या पावडरनंच मेली ती बिचारी! सर्दीत मला वाससुद्धा आला नाही."

डब्यातली एक पट्टी आणि मशीन घेऊन ते अनवाणीच बोअरकडं पळाले. मागं शोभा. उरलेल्या पट्ट्यांचा डबा उकाड्यात कुठं ठेवायचा म्हणून मी सवयीनं सरांचा फ्रीज उघडला. आत दिवा लागला. गार हवा तोंडावर आली. दुधाची एक पिशवी, बाकी रिकामा.

बाहेरून शोभा ओरडली, "मावशी, जगली! पट्टी जगली!"

सर घामेजून, हसत आत आले. "पाण्यात औषध नाही. पण दर फवारणीनंतर बघावं लागेल, शोभाबाई."

"बघा की. तांब्यात काय टाकत नाय आता," शोभा म्हणाली.

तेवढ्यात सरांना उघडा फ्रीज दिसला. हसू विरलं. "मावशी, ते…"

मी फ्रीजचं दार लावलं आणि डबा काखेत मारला.

"बिघडलेलाच आहे तुमचा फ्रीज. सकाळी वेळेवर या, चहा गार होतो."