वेंकोबा रावांचं फायनल इन्स्पेक्शन

वेंकोबा रावांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, व्हर्नियर कॅलिपर असे. लोखंडाच्या तुकड्याची जाडी मोजायचं ते हत्यार रविवारीसुद्धा त्यांच्यापासून सुटत नसे. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी पोळी उचलली, कडेला मोजली, मध्ये मोजली आणि अत्यंत आदराने माझ्या बायकोला म्हणाले, "चव पास अहे, अक्का. जाडी रीवर्क." बायको सातारची. पुढचे दोन महिने तिने त्यांना फक्त भात वाढला.

बँकेने माझी चेन्नईला बदली केली, अड्यारमध्ये जागा मिळाली आणि समोरच्या दाराआड हे राव मिळाले. घराणं तंजावरकडचं, कित्येक पिढ्या तिकडचंच, पण घरात मराठी. जुन्या पोथीतली भाषा कुणी तमिळ हेल काढून बोलावी तशी ती मराठी. पहिल्यांदा मला हसू आलं, ते त्यांनी पाहिलं. "तुमची मराठी नवी," ते शांतपणे म्हणाले. "आमची इतकीं वर्षें गोडाउनांत पडलेली. तरी गंज नाहीं, पाहा."

गिंडीतल्या एका छोट्या कारखान्यात ते माल तपासत. त्यांच्या सहीशिवाय तिथून एक खोका बाहेर जात नसे. शेवटची तपासणी, म्हणजे त्यांच्या शब्दांत 'फायनल', हा त्यांचा धर्म. खोका बांधून, खिळे ठोकून टेम्पोत चढलेला असला तरी राव तो उतरवत, उघडत, आतला माल पुन्हा पाहत. ड्रायव्हर बोटं मोडायचे. राव ढिम्म.

जगाचेही त्यांनी तीनच भाग केले होते: पास, रिजेक्ट आणि रीवर्क. शेजारच्या गल्लीतली कॉफी पास. आमच्या इमारतीची लिफ्ट रिजेक्ट. नवरा-बायकोचं भांडण रीवर्क. त्यांची स्वतःची बायको पाच वर्षांपूर्वी वारली होती. तिच्याविषयी ते यातला कुठलाच शब्द वापरत नसत.

घरात राव आणि त्यांची एकुलती एक मुलगी सुगुणा, एवढी दोनच माणसं. पोरगी गणितात हुशार. त्या वर्षांत आमच्या इमारतीतली सगळी मुलं इंजिनीअर होऊन शोळिंगनल्लूरच्या काचेच्या इमारतींत जाऊन बसत होती. पदवीच्या शेवटच्या वर्षाला सुगुणाने सांगितलं की तिला सिनेमाचा कॅमेरा शिकायचाय. संस्था नामांकित होती, लांबच्या गावात होती आणि कॅमेऱ्याच्या वर्गात जागा होत्या मोजून दहा.

इमारतीचे सेक्रेटरी समजूत घालायला आले. राव म्हणाले, "सगळीं लेंकरें सॉफ्टवेअरांत गेलीं तर सिनेमा कोण काढेल? तुम्ही काढाल?" सेक्रेटरी कॉफी न पिता परत गेले.

आता पंचाईत अशी की इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी पावलोपावली क्लास, पण सिनेमासाठी बापाने करायचं काय, हे शहरात कुणालाच ठाऊक नाही. रावांनी स्वतःच पद्धत बसवली. ते मुलीबरोबर सिनेमे पाहू लागले. मांडीवर वही, हातात स्टॉपवॉच. चित्र बदललं की रेघ. एकदा सिनेमा संपल्यावर त्यांनी वही मला दाखवली आणि हळूच म्हणाले, "हजारावर तुकडे. एक जोड दिसला नाहीं. काय फिटिंग अहे हो."

मग मुलाखतीचा सराव. हॉलमध्ये तीन खुर्च्या. पहिल्या खुर्चीत राव अध्यक्ष होत, दुसरीत उठून बसत आणि खवट परीक्षक होत. "सिनेमा म्हणजे काय? दोन वाक्यांत सांग." तिसऱ्या खुर्चीत मला बसवलं. मी विचारलं, मी काय विचारू? "तुम्ही कांहीं बोलूं नका," राव म्हणाले. "प्रत्येक कमिटींत एक असा असतोच." मी सहा रविवार तिथे गप्प बसलो. बायकोच्या मते ती भूमिका मला जमत होती.

अर्जासोबत 'माझं घर' या विषयावर दहा फोटो पाठवायचे होते. सुगुणाने जुना कॅमेरा विकत घेऊन महिनाभर घर टिपलं. तिने निवडलेले दहा फोटो मी पाहिले. दारातली रांगोळी, दोरीवरचे कपडे, आईची वीणा. नववा फोटो रावांचा. क्लासहून तिला उशीर झालेला, आणि राव जेवणाच्या टेबलाशी एकटेच बसलेत. समोर दोन ताटं, दोन्ही झाकलेली. फोटो काढताना तिचा हात हलला होता, त्यामुळे राव पुसट आले होते. मला तो बघवेना, आणि त्यावरून नजरही हटेना.

रावांनी तो उजेडात धरला. "हात हालला. रिजेक्ट."

"अप्पा, तोच सगळ्यांत चांगला अहे," सुगुणा म्हणाली आणि पाकीट चिकटवून टाकलं. पोस्ट रावांच्या वाटेवर होतं, म्हणून टाकायला तिने त्यांच्याकडेच दिलं. इथेच ती चुकली. चिकटवलेलं पाकीट आणि वेंकोबा राव, आणि फायनल झालं नाही, असं कसं होईल?

मुलाखतीचं बोलावणं आलं. बाप-लेक चिंचेचा भात बांधून रेल्वेने गेले. बाहेर झाडाखाली पालकांचा मेळा होता, तिथली हकीकत रावांनी परत आल्यावर मला सांगितली. एक गृहस्थ शेवटच्या क्षणापर्यंत मुलाकडून लेन्सची नावं घोकून घेत होते. राव त्यांच्याजवळ गेले. "मी म्हटलें, सोडा हो त्याला. भट्टींतून काढलेला तुकडा गरम असतांना मापला तर माप चुकतें. थंड होऊं दे." त्या गृहस्थांनी म्हणे राग मानला नाही. मुलाला लिंबू सरबत घेऊन दिलं.

आत काय झालं, ते मात्र मला सुगुणाने जिन्यात गाठून सांगितलं.

"काका, टेबलावर माझे दहा फोटो मांडलेले. नववा पाहतें तर आमचा प्रेशर कुकर. एकदम शार्प. शिट्टीवरची धूळ दिसते इतका. अप्पांनीं बदलला."

परीक्षकांनी विचारलं, घराच्या या गोष्टीत कुकरचा अर्थ काय? तिला काही रचून सांगता येईना. तिने खरंच सांगून टाकलं: माझे वडील माल तपासतात, पुसट फोटो त्यांनी नापास केला असणार. सगळे खूप हसले. मग त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, काढून टाकलेल्या फोटोत काय होतं? सुगुणाने सांगितलं. त्या बाई म्हणाल्या, "मग तू इथे आलीस तर त्यांच्याजवळ कोण?"

"मी म्हटलें, कोणी नाहीं. मग मज पुढें बोलतांच आलें नाहीं," सुगुणा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "अप्पाला सांगूं नका, काका. कुकर पाहून हसले, एवढेंच सांगलें मी."

महिन्याभराने पत्र आलं. जागा मिळाली होती. रावांनी पत्र पुढून-मागून तपासलं, सही पाहिली, शिक्का पाहिला आणि मग इमारतीतल्या प्रत्येक घरी म्हैसूरपाक वाटला, सेक्रेटरींना दोन वड्या जास्त. ते तिला स्टेशनवर सोडून आले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर गेले.

दोन-तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी मी सहज त्यांच्याकडे डोकावलो. राव टेबलाशी बसले होते. समोर तो पुसट, नववा फोटो होता. मला पाहून त्यांनी तो लपवला नाही.

"राव, हा रिजेक्ट केलात ना?" मी म्हटलं.

"नाहीं हो. पास होता. हात हालला तरी पास. मज कळतें तेवढें." त्यांनी फोटो माझ्यापुढे सरकवला. "पण ह्यांत मी कसा बसलों अहे पाहा. कोणी तरी विचारलें असतें, मुली, तूं गेल्यावर अप्पाजवळ कोण? तिला खोटें बोलतां येत नाहीं. तिथेंच अडकली असती. म्हणून कुकर घातला. कुकराला पाहून कोण काय विचारणार?"

राव माझ्याकडे पाहत होते.

"नाहीं की विचारलें कोणीं?"

"नाही," मी म्हटलं. "कुणी काही विचारलं नाही."

राव समाधानाने हसले आणि उठून माझ्यासाठी ताट घ्यायला गेले. मी समोर जाऊन बायकोला सांगून आलो आणि जेवायला बसलो.