बेघर प्रतिनिधीची रात्रपाळी

शहराच्या वासणा भागातल्या आमच्या सोसायटीत एकही बेघर तरुण नव्हता, ही गोष्ट अध्यक्ष जयवंतरावांनी फार मनाला लावून घेतली होती. सोसायटीतली घरे दुमजली. खाली म्हातारा-म्हातारी आणि वर कुलूप, अशी सर्वसाधारण रचना. वरचा मजला परदेशी गेलेल्या मुलांचा. ती डिसेंबरात येतात, दोन दिवस राहतात आणि मग हॉटेलात जातात, कारण वरच्या बाथरूममध्ये गरम पाणी नीट येत नाही. एकट्या मुलामुलींना खोली भाड्याने द्यायची नाही असा सोसायटीचा ठराव आहे आणि तशी पाटी फाटकावर लावलेली आहे. त्यामुळे आमच्याकडे तरुणच नाहीत. बेघर तरुण कुठून येणार?

"पण गावात आहेत ने!" जयवंतराव एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून इथल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले. "तरुणांचं बेघरपण संपवायला मी संस्था काढतोय. युवा छत्र. तुम्ही वाचणारे माणूस, तुम्ही पाहिजेतच."

मी नाही म्हणणार होतो. पण नाही म्हणायला मला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात माणसे पावती फाडतात. माझी पत्नी मंदा आतून म्हणाली, "जा ने. तुमच्या पुस्तकांनाही जरा एकांत मिळेल." अशा रीतीने मी सभासद झालो.

पहिली सभा कॉमन प्लॉटवरच्या हॉलमध्ये भरली. तरुण कोणाला म्हणावे, हा पहिला विषय. उपस्थितांत सर्वांत लहान संयोगिताबेन होत्या आणि त्यांना नुकताच नातू झाला होता. बऱ्याच चर्चेनंतर, तरुणपण हे मनाचे असते असे एकमताने ठरले आणि सर्वांना बरे वाटले. बेघर कोणाला म्हणावे, हे मात्र अडले. खजिनदार बळवंतराव म्हणाले, की मुलगा मेलबर्नला गेल्यापासून त्यांना स्वतःच्याच घरात बेघर वाटते. त्यांची समजूत घालता घालता सभा संपली.

पुढे एक अडचण लक्षात आली. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला एक पुरस्कार समिती आमच्या कार्याची पाहणी करायला येणार होती, आणि बेघर तरुणांच्या संस्थेत बेघर तरुण एकही नाही, हे बरे दिसत नव्हते. मग बेघर तरुणाचा शोध संयोगिताबेननी लावला. त्यांचे ब्लाउज जुन्या गावात, वाडी भागातल्या एका दुकानात शिवायला असतात. तिथे कोमल नावाची वीस वर्षांची मुलगी मशीनवर बसते. ती अनाथाश्रमात वाढली. अठरा पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे बाहेर पडली आणि दुकानाच्या माळ्यावर झोपू लागली. आता मालक दुकान विकत होता आणि महिना संपताच माळा सोडायचा होता. संयोगिताबेननी तिला ब्लाउजांबरोबर गाडीत घालून आणले.

आम्ही कोमलला 'बेघर प्रतिनिधी' हे पद दिले, हार घातला आणि दोन शब्द बोलायला सांगितले.

ती उभी राहिली. "मला एक खोली पाहिजे. भाडं वेळेवर देईन," ती म्हणाली आणि खाली बसली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. संयोगिताबेननी डोळ्यांना रुमाल लावला. "काय बोलली! एक शब्द फालतू नाही."

"मग खोली?" कोमलने विचारले.

"बेटा," जयवंतराव म्हणाले, "आपली लढाई एका खोलीसाठी नाही. व्यवस्थेसाठी आहे."

"तुमच्या व्यवस्थेत खोल्या किती आहेत, काका?"

'प्रतिनिधींनी मार्मिक प्रश्न विचारला', अशी याची नोंद झाली. आमचा वरचा मजला रिकामा आहे, असे मी सांगणार होतो. त्यासाठी मी घसा खाकरला. जयवंतरावांना वाटले मला ठसका लागला. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. मी पाणी प्यायलो.

आठवड्याने कोमल हसत हसत सभेत आली. तिने पेढे आणले होते. "खोली मिळाली! प्रतापनगरला, दुर्गामावशींच्या मागच्या अंगणात. नळ पण आत आहे."

 बळवंतरावांनी संस्थेची घटना काढली. तिच्यात स्पष्ट लिहिले होते, की प्रतिनिधीला घर मिळताच पद आपोआप रिकामे होते.

"आणि पाहणी पुढच्या आठवड्यात!" जयवंतरावांच्या हातातला पेढा तसाच राहिला. "समितीला काय दाखवायचं? घर असलेली बेघर मुलगी?"

लगेच ठराव झाला: 'प्रतिनिधींनी संस्थेच्या व्यापक हितासाठी, पाहणी होईपर्यंत, आपले बेघरपण कृपया चालू ठेवावे.' ठराव नुसता कागदावर राहू नये म्हणून जयवंतराव स्वतः स्कूटरवरून प्रतापनगरला गेले. कोमल किती मोठी सामाजिक कार्यकर्ती आहे, तिला भेटायला साहेब लोक, फोटोवाले, समित्या कशा येतात, हे त्यांनी दुर्गामावशींना मनापासून सांगितले. मावशी घाबरल्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी ती खोली एका पापडवालीला दिली.

"थोडक्यात वाचलो," जयवंतराव परत येऊन म्हणाले.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी आमची सभा चालू असताना रिक्षा थांबली. कोमल शिवणयंत्र आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आत आली. दुकानाला नव्या मालकाने कुलूप लावले होते.

"मी आज झोपू कुठे, तेवढं सांगा," ती म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. "नाहीतर स्टेशनवर जाते."

"स्टेशनवर नको," संयोगिताबेन काळजीने म्हणाल्या. "ओळखीच्या कुणी पाहिलं तर संस्थेचं नाव जाईल."

मी पुन्हा घसा खाकरला. पुन्हा पाणी आले. मात्र मंदा माझा विसरलेला चष्मा द्यायला आली होती आणि दारात उभी राहून ऐकत होती.

"आमचा वरचा मजला आहे ने," ती म्हणाली.

"वहिनी, ठराव आहे. एकट्या मुलीला खोली नाही," जयवंतराव म्हणाले. "आणि घर मिळालं की पद गेलं."

"खोली कोण देतंय तिला? मी संस्थेला ऑफिस देतेय. ऑफिस म्हणजे कुणाचं घर असतं का, बळवंतराव?"

बळवंतरावांनी घटना उलटसुलट वाचली. "नसतं," ते म्हणाले.

"आणि ऑफिसात रात्रपाळीला माणूस लागतो की नाही?"

"लागतो," बळवंतराव म्हणाले. जयवंतरावांचा चेहरा उजळू लागला होता.

"पण यशराज..." मी मंदाला हळूच म्हणालो. वरचा मजला आमच्या मुलाचा.

"तो ब्रॅम्प्टनला तिघांबरोबर तळघरात राहतो. त्या घरमालकिणीनं त्याला विचारलं का, लग्न झालंय का म्हणून? तिनं आपल्या पोराला ठेवून घेतलं. चला, ती पेटी उचला."

मी पेटी उचलली. माझ्या हातून घडलेले संस्थेचे हे एकमेव कार्य.

पाहणी उत्तम झाली. समितीच्या बाईंनी कोमलला विचारले, "बेटा, रात्री कुठे झोपतेस?"

"ऑफिसात," ती म्हणाली.

बाईंनी ते वहीत लिहून खाली रेघ ओढली. पुरस्कार आम्हालाच मिळाला.

भाड्याचा प्रश्न थोडा नाजूक होता. कोमल फुकट राहायला तयार नव्हती, आणि भाडे घेतले तर ती भाडेकरू ठरत होती. शेवटी ती दर महिन्याला संस्थेला देणगी देते असे ठरले. आम्ही बाकीचे सभासद देणगी देत नसल्यामुळे ती संस्थेची सर्वांत मोठी देणगीदार झाली आणि हॉलमधल्या संगमरवरी पाटीवर 'आश्रयदात्या' या शीर्षकाखाली तिचे एकटीचे नाव कोरले गेले. वरच्या मजल्यावर आता पडदे लागले आहेत. संध्याकाळी शिवणयंत्राचा आवाज येतो, आणि बाथरूममध्ये गरम पाणीही येते. कोमलने वाडीतून माणूस आणून ते एका दुपारात दुरुस्त करून घेतले. कागदोपत्री ती अजून बेघर आहे.

या महिन्यात त्याच आश्रमातल्या आणखी दोन मुली अठरा पूर्ण करत आहेत. संस्थेला तातडीने शाखा-कार्यालये हवी आहेत. जयवंतरावांच्या वरच्या मजल्याचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाणी मागितले. म्हणून हे लिहून विचारतो आहे. तोंडाने मला जमले नसते. तुमच्याकडे एखादी बंद खोली असेलच. मुले येतील म्हणून ठेवलेली, किंवा जुने सोफे आहेत म्हणून. ती कळवावी. नाव, पद, पाटी, सगळे मिळेल. आणि तुम्ही कुणाला घर दिलेत, असा ठपका तुमच्यावर कधीही येणार नाही, याची लेखी हमी संस्था देते.