उंदरानं दिलेला दात

आपल्या नजरेतून डाग म्हणून सुटत नाही, असं रवी ज्याला त्याला ऐकवायचा. अंबडच्या एका कारखान्यात तो तयार माल तपासायला होता. पार्टवर केसाएवढा ओरखडा दिसला, की माल परत! पण पोटच्या पोरीचा, ओवीचा, पुढचा दात किडून हिरडीला गळू आलं, तेव्हा हाच गडी बायकोला म्हणाला होता, "राखी, दुधाचा दात आहे तो! पडणारच आहे. डॉक्टर कशाला?"

दात पडला. रवीच्या आईनं, सुलाबाईंनी, नातीला गावी, देवळ्याला नेऊन कांदे साठवायच्या चाळीतल्या उंदराच्या बिळात तो रीतसर टाकला. "उंदरा उंदरा, जुना दात घे, नवा दात दे!"

नवा आला, पण पिवळट, डागाळलेला, खडबडीत! वर्गातली पोरं हसली, तशी ओवी तोंडावर हात ठेवूनच बोलायला लागली.

"आपुन किडका दिला, उंदरानं किडकाच धाडला," सुलाबाई म्हणाल्या. "त्याचं काय चुकलं? लय हिशेबी जनावर हाय ते."

पोरीला हसवायला रवीनं ठोकून दिलं, "डिफेक्ट माल! परत करू, बदलून मागू!"

ओवी हसली नाही. तिनं ते मनावर घेतलं!

शनिवारी संध्याकाळी रवी अंघोळीला गेला. डोक्याला साबण चोळला आणि नळाचं पाणी गेलं. बादली मागायला तो दार उघडणार, तोच बाहेरून राखी किंचाळली.

"अहो, दार उघडू नका!"

"का? साबण झोंबतोय!"

"बाहेरच्या कडीला दोरा बांधलाय! दुसरं टोक ओवीच्या दाताला!"

रवी जागच्या जागी गार! दार आत उघडणारं, त्यात आतली कडी मोडलेली.

"पप्पा, उघडा ना जोरात! माल परत करायचाय!"

"ओवे, नको बाळा! पक्का दात आहे तो! गेला की गेला!"

हा गलका ऐकून सुलाबाई स्वयंपाकघरातून धावल्या. त्यांना वाटलं, लेक आत अडकला. "रव्या, घाबरू नको, मी ढकलते!"

"आई, नको!" रवीनं आतून दाराला पाठ लावली. बाहेरून आईचा रेटा, आतून लेकाचा! राखीला कात्री काही सापडेना. शेवटी तिनं दोरा दातानंच तोडला.

रवीनं अंगावर कपडे चढवले आणि सगळी वरात गंगापूर रोडच्या दवाखान्यात धडकली. डॉक्टरीणबाईंनी दात तपासला.

"हा डाग वरचा नाही. दुधाच्या दाताला गळू होतं, तेव्हा हा त्याच्याखाली हिरडीत घडत होता. त्या पुवामुळे याचं कवच नीट तयारच झालं नाही."

रवी खुर्चीजवळ सरकला. "मग हा... जाईल का हो?"

"छे! वेळेवर आणलंत. आत्ताच भरून देते, रंगाला रंग जुळवून."

काम झालं. ओवीनं आरशात बघितलं. तोंडावरचा हात खाली आला आणि पोरगी हसली. हसली ती हसतच राहिली! रवीला भरून आलं. डॉक्टरांचे, राखीचे आणि राखीच्या भक्कम दातांचे उपकार कसे फेडावेत, त्याला कळेना. डबडबल्या डोळ्यांनी त्यानं हात जोडले.

"मॅडम, तुमचे उपकार जन्मभर..."

"ते राहू द्या हो," हसू दाबत त्या म्हणाल्या. "बेसिन तिकडे कोपऱ्यात आहे. आधी डोक्यावरचा साबण धुऊन या!"